चौदावं अंगण

पांढऱ्या कपड्यांतली माणसं माती तपासायला मोलेनपाटवर आली, त्या दिवसापासून वस्तीतला प्रत्येक जण मनात एकच म्हणत होता: देवा, आमच्याकडे काही सापडू नये. उलटी प्रार्थना करणारी मी एकटीच निघाले. पण ते नंतर.

मोलेनपाटवर चौदा घरं आहेत. प्रत्येक घरामागं अंगण, आणि रस्त्याच्या टोकाला मुलांची बाग. बागेत घसरगुंडी, झोके आणि एक बाक. बाकावर पितळी पट्टी होती: 'लामर्ट आसिंक, सगळ्यांचा शेजारी.' लामर्ट म्हणजे माझे बाबा. ते गेले तेव्हा वस्तीनं आपण होऊन तो बाक बसवला. मी दिनी, त्यांची एकुलती एक. बावन्न वर्षं त्याच घरात राहते आहे, आणि माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. लोकांना काय, खरं बोललं की तिखटच लागतं.

बाबा सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. पत्रे आणि नळ कापताना जो भुगा पडे, जे तुकडे उरत, ते कारखाना फुकट वाटायचा. आमच्याकडची जमीन म्हणजे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत नुसता राडा. पाय उचलावा तर बूट मागं राहायचा. हा भुगा पसरला, वर पाणी मारलं, की दगडासारखा बसायचा. फुकट ते पौष्टिक! बाबा दर शनिवारी उसना ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या फाटकाशी रांगेत उभे राहायचे, आणि आणलेल्या भुग्यातून एकेका शेजाऱ्याचं अंगण पक्कं करून द्यायचे. बागेची जमीनही त्यांनीच केली. आम्ही पोरं त्या ढिगांवरून घसरायचो आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी होऊन घरी जायचो.

त्या भुग्यात ॲस्बेस्टॉस होतं. त्याचे धागे छातीत जाऊन बसतात आणि तीस-चाळीस वर्षं गप्प राहतात. मग एक दिवस जिना चढताना दम लागतो, आणि डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसतो. आमच्या शेजारचा एगबर्ट ल्योसिंक तसाच गेला, अकरा वर्षांपूर्वी. आता त्याची बायको रीकमावशी खिडकीशी खाट लावून पडली होती.

आईचा टोमणा मला अजून ऐकू येतो. "गावाची अंगणं कोरडी ठणठणीत, आणि माझ्या स्वयंपाकघरात तळं!"

"आपली पाळी शेवटी, मिना," बाबा म्हणायचे. "वाटणाऱ्यानं आधी घेतलं तर त्याला शेजारी म्हणत नाहीत."

मी दहा वर्षांची असताना एका शनिवारी सकाळी त्यांनी आमच्या अंगणात प्लमच्या झाडापासून मागच्या दारापर्यंत खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. आईनं आनंदानं केक भाजायला घेतला. दुपारी बाबा रिकामी ट्रॉली घेऊन आले, एकेक खुंटी उपटली, दोरी गुंडाळली आणि हात धुवून केक खायला बसले. "काय झालं?" आईनं विचारलं. "संपलं," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी भुगा कधीच आणला नाही. आमचं अंगण चिखलाचं राहिलं ते मी माझ्या हातानं फरश्या घालेपर्यंत.

एप्रिलच्या शेवटी चर्चच्या सभागृहात नगरपालिकेनं सगळ्यांना बोलावलं. कॉफी, बिस्किटं, आणि भिंतीवर वस्तीचा नकाशा. ज्या अंगणात भुगा सापडला ते लाल, नाही सापडला ते हिरवं. बाग लाल होती. घरं मोजायला वेळ लागला नाही, कारण सगळा रस्ताच लाल होता आणि मध्ये एक चौकोन हिरवा. आमचा.

मला पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! माझे कांदे वाचले, केलची भाजी वाचली, आईनं लावलेलं प्लमचं झाड वाचलं. तेवढ्यात अल्फॉन्स उभा राहिला. अल्फॉन्स हा रीकमावशीचा मुलगा. वय बेचाळीस, रोज पाच किलोमीटर पळतो आणि प्रत्येक खोकल्याला बापाचं मरण आठवतो.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात," तो म्हणाला. "मी नुसतं मोजतो. घरं चौदा, लाल तेरा. भुगा वाटणारा कोण, तर लामर्टकाका. आणि हिरवं घर कुणाचं?"

त्यानं नकाशातल्या हिरव्या चौकोनाकडं बोट केलं.

"वाढप्याचं ताट कोरडं असलं तर त्याचे अर्थ दोनच. एक तर तो उपाशी राहिला. नाहीतर त्याला ठाऊक होतं अन्नात काय आहे."

"आमची पाळी शेवटी होती!" मी ओरडले.

"आणि नेमकी तीच आली नाही?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन-तीन जण हसले. समोरच्या घरातली हेनी रूलिंक, जिच्या तिन्ही बाळंतपणांत माझी आई धावली होती, ती बशीतलं बिस्किट असं न्याहाळत बसली की जणू त्यावर काही लिहिलंय.

नकाशा दाखवणारा अधिकारी म्हणाला, "असं अनुमान काढता येत नाही." पण अनुमान काढून झालं होतं. आठवड्याभरात बाकावरची पट्टी गेली. चार स्क्रूंची चार भोकं तेवढी राहिली. बेकरीत मी शिरले की बोलणं थांबायचं. साप साप म्हणून भुई धोपटणं मी समजू शकते, पण इथं भुईतला साप खरा होता आणि धोपटत होते माझ्या बापाला.

मग अल्फॉन्स आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"आईचे फार दिवस उरले नाहीत," तो म्हणाला. "वेळ आली की पहिला शेजारी म्हणून आम्ही रूलिंकांना सांगणार आहोत. म्हटलं, तुला बाहेरून कळायला नको."

बाहेरच्याला हे वाक्य साधं वाटेल. आमच्या ट्वेंटेत, म्हणजे हॉलंडच्या या पूर्वेकडच्या भागात, प्रत्येक घराला एक पहिला शेजारी ठरलेला असतो, आजोबा-पणजोबांपासून. घरात मूल झालं की दोन-तीन हात लांब मनुकांचा पाव तो नेतो. अल्फॉन्सच्या वेळी बाबांनी शिडीवर ठेवून नेला होता. घरात माणूस गेलं की घड्याळ बंद करणं, प्रेताला कपडे घालणं, दारोदार जाऊन सांगणं, आणि पेटीला पुढचा खांदा देणं, हे सगळं त्याचं. हे मागावं लागत नाही आणि नाकारता येत नाही. भांडणं असली तरी येत नाही. ल्योसिंकांचं पहिलं घर आमचं. शंभर वर्षांत कुणाचं पहिलेपण काढून घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"रीकमावशी असं म्हणाल्या?" मी विचारलं.

"आई काही म्हणत नाही. मी म्हणतोय."

"तुझ्या आईची पेटी उचलायला आमचे हात घाण झाले होय रे?"

"नाही ना," तो म्हणाला. "वस्तीत तुमचेच तेवढे स्वच्छ आहेत."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात त्या खुंट्या शिरल्या. बटाटे सोलताना खुंट्या, कपडे वाळत घालताना खुंट्या. ठोकल्या होत्या तर उपटल्या का? त्या सकाळी फाटकाशी बाबांना कुणी बाजूला घेऊन सांगितलं का, लामर्ट, हे घरी नेऊ नकोस? आणि सांगितलं असेल, तर त्यांनी ते इतरांना का नाही सांगितलं? मी बाबांच्या फोटोकडं बघायचे आणि फोटो ट्रॅक्टरवर बसून हसायचा. माझे बाबा असे नव्हते, हे मी दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगत होते. खात्री असलेलं माणूस एवढ्या वेळा सांगत नाही.

मग मी माती खाल्ली.

बागेभोवती कुंपण होतं, पण मागच्या ओढ्याकडचा कोपरा कुंपणाबाहेर राहिला होता. तिथं झुडपाखाली भुग्याचे गोळे आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं; त्या गोळ्यांनी आम्ही फरशीवर रेघा ओढायचो. रविवारी अकरा वाजता अर्धी वस्ती चर्चमध्ये आणि अर्धी कॉफीवर असते. मी तोंडाला ओला रुमाल बांधला, बादलीत ओली फडकी घातली, आणि पाच-सहा गोळे घेऊन मागच्या वाटेनं घरी आले. फरश्यांपलीकडची, प्लमच्या झाडाजवळची हिरवळ चौकोनी कापून उचलली, गुडघाभर खणलं, गोळे फोडून पसरले, पाणी मारलं, वर माती आणि हिरवळ. अगदी बाबांसारखं. फावडं धुताना मनात समाधान होतं, हेही सांगायला हवं.

सोमवारी मी नगरपालिकेला फोन केला. आमच्या अंगणात नीट तपासलेलं नाही, प्लमजवळ वडिलांनी खुंट्या ठोकलेल्या मला आठवतात, पुन्हा या. खुंट्यांपुरतं तरी मी खरं बोलले.

पथकाचा मुकादम वीबे नावाचा फ्रिसियन, म्हणजे उत्तरेकडचा, होता. उंच, कमी बोलणारा. त्यानं मुसकं चढवलं, जागा पाण्यानं भिजवली आणि फावडं घातलं. तिसऱ्याच घावाला राखाडी तुकडा वर आला. चिमट्यानं उचलून त्यानं तो पिशवीत टाकला आणि बाहेर येऊन मुसकं काढलं.

"अठरा वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "लोक हात जोडतात, अजून खणू नका म्हणून. खणा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"मला खरं काय ते कळायला हवं होतं."

त्यानं हिरवळीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हे गवत नुकतंच उचललेलं दिसतं."

"उंदरांनी उकरलं असेल."

"सरळ रेघेत? हुशार उंदीर आहेत तुमच्याकडे, बाई." त्यानं बोट पुसलं. मग कागद काढून त्यावर लिहिलं. "माझं काम सापडलं ते लिहायचं. झाड जाईल, हे माहीत आहे ना? मुळांतली माती काढायची तर झाड ठेवता येत नाही."

मला माहीत नव्हतं. डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हटलं, "जाऊ दे."

नकाशावरचा आमचा चौकोन लाल झाला आणि मोलेनपाट पुन्हा माणसाळला. हेनी वाटाण्याचं सूप घेऊन आली आणि दारातच रडली. "अगं, आम्हाला काय माहीत! बिचाऱ्या लामर्टनं स्वतःच्या पोरीच्या पायाखाली घातलं गं ते! ठाऊक असतं तर घातलं असतं का?" पट्टी बाकावर परत आली, घासून लख्ख केलेली. मी सूप प्यायले. चवीला बरं होतं.

चौथ्या दिवशी अल्फॉन्स आला. या वेळी आत आला, टोपी हातात.

"मी चुकलो," तो म्हणाला. "आईनं बोलावलंय तुला. एकटीलाच ये म्हणते."

रीकमावशीची खाट बागेकडच्या खिडकीशी होती. बाहेर पांढऱ्या कपड्यांतली माणसं माती भिजवत होती. मावशीच्या नाकाला नळी, आणि आवाज असा की प्रत्येक वाक्य जिना चढून येतंय. तिनं मला दार लावून घ्यायला सांगितलं.

"तुझ्या अंगणात सापडलं म्हणे," ती म्हणाली.

"हो, मावशी. प्लमजवळ."

"ऐकलं तेव्हा मी हसले, दिनी. हसलं की छातीत सुरी फिरते. तरी हसले."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"तिथं काही नव्हतं," ती म्हणाली. "मला पक्कं माहीत आहे, कारण तुमच्या वाट्याचं ते माझ्या दारात आहे."

तिनं थांबत थांबत सांगितलं. त्या शनिवारी सकाळी, सातवा महिना भरत आलेला असताना, ती मागच्या दारात चिखलावरून घसरून पोटावर पडली; त्यांचं अंगण पक्कं झालं होतं, पण दारापासून पंपापर्यंतची वाट तेवढी कच्ची राहिली होती. डॉक्टर आला, मूल ठीक होतं. एगबर्ट तसाच पळत रस्त्यावर गेला. बाबा भरलेली ट्रॉली घेऊन येत होते, आमच्या अंगणासाठी. एगबर्टनं ट्रॅक्टरसमोर उभं राहून हात जोडले. "आमच्या दारातून पंपापर्यंत वाट करून दे, लामर्ट, ही पुन्हा पडली तर मूल जाईल." बाबांनी ट्रॉली तिकडं वळवली. "त्यात काय," म्हणाले, "माझं पुढच्या शनिवारी." पुढच्या शनिवारी कारखान्यानं फाटक बंद केलं. भुगा देणं त्यांनी थांबवलं, का ते कुणाला सांगितलं नाही.

"त्यानं मिनालासुद्धा सांगितलं नसणार," मावशी म्हणाली. "तिनं मला तोंडावर ऐकवलं असतं, म्हणून."

मी खुर्चीत पुढं झुकले. "तुम्हाला हे ठाऊक होतं. सभेत तुमचा मुलगा माझ्या बापाचं नाव मातीत घालत होता, पट्टी उपटली, पहिलेपण काढून घेतलं, आणि तुम्ही इथं पडून गप्प?"

"गप्प."

"का?"

"तू सांग कसं सांगायचं ते. एगबर्ट मेला, मी मरतेय. कुणीतरी आपल्याला हे घातलं, असं म्हटलं की मरणं जमतं. आपणच हात जोडून दारात मागून घेतलं, हे नाही गं गिळवत. आणि कुणासाठी मागितलं? अल्फॉन्ससाठी. तो आधीच खोकला आला की आरशासमोर उभा राहतो. त्याला सांगू, तू पोटात होतास म्हणून?"

बाहेर पाण्याचा पंप सुरू झाला. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

"आता सांगा," मी म्हटलं. "माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. आत्ता बोलवा त्याला."

"आता कोण विश्वास ठेवेल? तुमची ट्रॉली आमच्याकडे आली म्हटलं, तर तुमच्या अंगणात काय सापडलं? सरकारी कागदावर आहे ते. खरं सांगायचं तर आधी तुला सांगावं लागेल, तू काय केलंस."

मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा तिनं हाक मारली.

"मी भित्री, दिनी. ते मी कबूल करते. पण तुला एक विचारते. भुग्यात काय आहे ते लामर्टला ठाऊक नव्हतं, याची तुला खात्री असती, तर तू ते पुरलं असतंस?"

मी दार ओढून घेतलं. घरी आले आणि ट्रॅक्टरवरचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. मला त्यांचं हसणं सोसेना. साऱ्या वस्तीनं त्यांच्यावर संशय घेतला, पण त्यांच्यासाठी खोटा पुरावा करायची गरज फक्त मला वाटली. हेनीला नाही, अल्फॉन्सला नाही. त्यांच्या पोटच्या पोरीला.

रीकमावशी नऊ दिवसांनी गेली, दुपारी दोन वाजता. अल्फॉन्स आधी माझ्याकडंच आला. मी काळे कपडे घातले, त्यांच्या घरचं घड्याळ बंद केलं, तिचं अंग पुसलं, तिला निळा झगा घातला. तिचं वजन लहान मुलीएवढं राहिलं होतं. मग दारोदार गेले आणि बारा दारांत तेच वाक्य म्हटलं: रीक ल्योसिंक गेली, पहिला शेजारी म्हणून सांगायला आलेय. बारा दारांत उत्तर मिळालं की बरं झालं तूच आलीस, लामर्टला बरं वाटेल. शेवटी शेवटी माझे कान बधिर झाले.

शुक्रवारी पेटी उचलली. पुढं उजवीकडं मी, डावीकडं अल्फॉन्स, मागं रूलिंक आणि इतर तिघं. रस्ता आमच्या घरावरूनच जातो. अंगणाला कुंपण घातलेलं होतं आणि आत वीबेची माणसं प्लमच्या बुंध्याभोवती खणत होती. फांद्या आदल्या दिवशीच कापून पोत्यांत भरल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पंप बंद केला, फावडी खाली ठेवली आणि मुसकी काढून रांगेत उभी राहिली. वीबेनं मान खाली घातली. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्याचे आभार मानते.

अल्फॉन्स पेटीखालून हळूच म्हणाला, "एक सांगू? तुमच्याकडं सापडलं हे कळलं, त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी झोपलो. लामर्टकाकांनी स्वतःलाही सोडलं नाही. म्हणजे ठाऊक कुणालाच नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणी मागितलं नाही."

त्याची आई आमच्या दोघांच्या मध्ये होती.

"हो," मी म्हणाले, आणि खांदा बदलला.